परकीय संपर्क : निरंक

गाऱ्हाणं संपत आलं होतं तेवढ्यात गंगाराम टिकमांनी देवाला एक नाव सांगितलं, आणि दिगंबर मेतराची होऊ घातलेली आमदारकी तिथेच गाळात रुतली.

खारबंदरात कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. होडी पाण्यात ढकलायची असो, लग्न असो नाहीतर निवडणूक. मानकरी नारळ हातात धरून देवाला मोठ्याने सांगतो की बाबा, हे असं असं चाललंय, यश दे. लोक हात जोडून होकार देतात. ज्याने ज्याने कामाला हात लावला त्याचं नाव घ्यायचं, कोणाचंही गाळायचं नाही, ही तिथली रीत. हाताखालच्या पोरापासून आचाऱ्यापर्यंत. गंगाराम टिकम आयुष्यभर रापणीचं मोठं जाळं ओढलेला गाबीत मच्छीमार. गाऱ्हाण्यात त्यांनी कधी कोणाला वगळलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो झील दिगंबर इलेक्शनाक उभो रवलो हा, तेका येस दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि साता समुद्रापलीकडसून जो ओरेन सायब इलो, माझ्या होडयेत बसान जेवलो, तेच्या सरकारान दिगूक जां काय लोकांची मनां वाचणारा यंत्र फुकट दिल्यान, तेचाय बरा कर, तेचोय वंश वाढंव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हजारभर माणसं ओरडली. त्यात डोळे मिटून हात जोडलेला दिगंबर मेतरसुद्धा ओरडला. सवयीने. मग त्याचे डोळे उघडले. समोर चार मोबाईल थेट प्रक्षेपण करत होते, त्यातला एक विरोधी उमेदवार सूर्याजी नाबरच्या माणसाच्या हातात होता.

गंगारामांची मुलगी समिधा बापाच्या मागेच उभी होती. ती दिगूची निवडणूक प्रतिनिधी, म्हणजे उमेदवाराच्या वतीने सगळ्या कागदांवर सही करणारी. अर्ज भरताना 'परकीय संपर्क' या रकान्यात 'निरंक' असं तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. ओरेन हे नाव ती त्या सकाळी पहिल्यांदा ऐकत होती.

*

बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर प्रचार कार्यालय होतं. कारखाना समिधाचाच. दुपारपर्यंत तिथे नोटीस येऊन पडली. नाबरच्या माणसाने तक्रार केली होती. परवा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांसमोर सुनावणी.

"ओरेन कोण?" समिधाने विचारलं.

दिगू खिडकीकडे बघत म्हणाला, "वाणिज्यदूत. ओरेन वाल्ड. चांगलो माणूस."

कुठल्या देशाचा ते इथे लिहीत नाही. कुठल्याही देशाचं नाव घाला, चालतं. ज्याच्याकडे कारखान्याएवढी मासेमारी जहाजं आहेत आणि स्वतःच्या समुद्रात मासे उरलेले नाहीत, असा कुठलाही.

"यंत्र पुण्याच्या कंपनीचा म्हणान तू माका सांगितलंस."

"कंपनी पुण्याचीच आसा. पैसो तेंचो आसा."

"आणि माझी सही?"

"अगो, तुका सांगितला असता तर तू सही केली असतंस काय?" दिगू हसला. हे हसू त्याचं हुकमी होतं. त्याच्यावर गेल्या दोन निवडणुकांत हजारो मतं पडली होती.

वकीलबाई मृणाल कोचरेकर मुंबईहून आल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसत कायदा समजावला. "परकीय संपर्क कायदा तीन गोष्टी म्हणतो. एक, परदेशी सरकारच्या माणसाला भेटणं हा गुन्हा नाही. दोन, भेटलात तर आठवड्याच्या आत जाहीर करायचं. तीन, त्यांच्याकडून पैसा, वस्तू किंवा मोलाची सेवा घ्यायची नाही. आता सल्ला ही सेवा का? कोणी मला म्हणालं, बाई, आज छत्री घ्या, तर ती सेवा झाली का? यंत्र कंपनीच्या नावावर आहे, तुम्हाला त्याने नुसता सल्ला दिला. यावर मी पाच वर्षं कोर्टात काढू शकते."

"आणि जाहीर केलं नाही, त्याचं काय?"

"तेवढीच एक अडचण आहे. भेट झाली याला साक्षीदार एकच. तुमचे वडील." कोचरेकर बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "त्यांचं वय झालंय ना? विसरतात वगैरे?"

समिधाने नोटिशीची घडी घातली.

"डॉक्टरांचा दाखला मी बघते. पण खरं वजन तुमच्या प्रतिज्ञापत्राला. मुलगीच सांगते की वडील भ्रमिष्ट झालेत, नसलेली माणसं बघतात, म्हटल्यावर विषय संपला. नाहीतर खोट्या माहितीवर केलेल्या सहीसाठी तुम्ही आत जाल. दोन वर्षं. मेतरसाहेब नाही जाणार. तुम्ही."

आणि भ्रमिष्ट ठरलेल्या माणसाला गाव पुन्हा गाऱ्हाण्याचा नारळ देत नाही, हे कोचरेकर बाईंना कोणी सांगितलं नाही. सांगून तरी काय झालं असतं म्हणा.

*

त्या यंत्राला सगळे छायागाव म्हणत. मतदारसंघातल्या प्रत्येक मतदाराची त्यात एक छाया होती. माणूस कुठला माल घेतो, कुठली चित्रफीत अर्धवट सोडतो, तक्रारीच्या फोनवर कुठल्या शब्दाला आवाज चढवतो, यावरून त्या माणसासारखी उत्तरं देणारा एक छोटा मेंदू तयार करायचा. असे लाखभर मेंदू एकत्र नांदवायचे. मग भाषण आधी त्यांच्यापुढे करायचं. चहा होईपर्यंत यंत्र सांगतं की कुठल्या वाक्याला कुठली वाडी फिरली.

एकेकटी छाया बऱ्याचदा चुकते. तरीही यंत्र बरोबर येतं, कारण एक छाया डावीकडे चुकते, दुसरी उजवीकडे, आणि गर्दीत त्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. सगळी करामत एवढीच आहे. पण लाखभर चुका कोणी हळूच एकाच अंगाला कलवल्या तर त्या एकमेकींना खात नाहीत, साठत जातात. मग अख्खं गाव खोटं बोलतं आणि पडद्यावरचा आकडा मात्र तेवढाच शहाणा दिसतो.

समिधाला हे यंत्र बसवायला आलेल्या पोराने कधीतरी सांगितलं होतं. तेव्हा तिने ऐकून सोडून दिलं होतं. आता माडी रिकामी झाल्यावर ती पडद्यासमोर बसली. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. दहा वर्षांपूर्वी ती आणि दिगू शंभर होड्या घेऊन परदेशी मासेमारी जहाजांना आडवे गेले होते. दोघांनी एकाच चौकीतल्या दोन कोठड्यांत रात्र काढली होती. दिगू पुढारी झाला तो त्या दिवशी. आणि या प्रचारात तोच दिगू जहाजांबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. का, असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "लोकांका आता तां नको गो. छायागाव सांगता."

तिने बापाची छाया उघडली.

"आबा, जेवलात?"

"पेज जेवलंय. सोबत सुको बांगडो," छायेने उत्तर दिलं. आबांनी अगदी असंच सांगितलं असतं.

"सूर्याजी नाबर कसो माणूस?"

"तेच्या तोंडाक झाकण नाय आणि खिशाक तळ नाय." हेही आबाच.

"परदेशी जहाजां इली तर?"

छाया थोडी थांबली. "येवंदेत. पोरांका नोकरी मिळात. समुद्र काय आमच्या बापाचो हा?"

समिधाने खुर्ची मागे सरकवली. जो माणूस त्या जहाजांचं नाव निघालं की जेवणाचं ताट बाजूला सारायचा, तो हे बोलत होता. त्याच्याच आवाजात, त्याच्याच लकबीत.

मग तिने ओळखीच्या माणसांच्या छाया एकामागून एक उघडल्या. लिलाववाली फातिमा काझी. शाळेतले गुरुजी. स्वतःची थोरली जाऊ. रस्ता, पाणी, जात, सुनेशी भांडण, सगळ्यावर ज्याचं त्याचं उत्तर. तिला हसू यावं इतकं हुबेहूब. आणि जहाजांचा विषय काढला की सगळे एका सुरात: येवंदेत.

संध्याकाळी ती बंदरावर गेली. मासळीच्या टोपलीमागे बसलेल्या खऱ्या फातिमाला तिने तोच प्रश्न घातला.

"परदेशी जहाजां?" फातिमाने सुरमईच्या डोक्यावर कोयता मारला. "तुझ्या दिगूक सांग, एक जरी जहाज हय दिसला तर मी ह्या कोयत्याबरोबर मत देऊक येतलंय. तो गप कित्याक आसा? आं? गेल्या सभेत इचारूया म्हटला तर माइकच दिल्यान नाय. इतके पैसे खाल्ल्यान काय?"

"पैसे नाय खाल्ल्यान," समिधा म्हणाली.

"मगे काय खाल्ल्यान?"

दिगूने रोख पैसा घेतला नव्हता, यंत्रही कागदोपत्री पुण्याच्या कंपनीचंच होतं. त्याने लोकांचं मन काय आहे हे दुसऱ्याला विचारलं होतं आणि ज्याला विचारलं त्याला जहाजं आणायची होती. लाचेला निदान वास तरी येतो.

*

घरी आबा ओट्यावर जाळं शिवत बसले होते. कोचरेकर बाई येऊन गेल्या होत्या. चहाचा कप तसाच होता, अर्धा.

"ती वकीलबाय माका आज वार कुठचो म्हणान इचारी होती," आबा म्हणाले. "मी सांगलंय, बाये, अमावास्येक तीन दिवस रवले, भरती सकाळची, वार तू बघ. तां तिका पटला नाय."

समिधा बाजूला बसली. "आबा, तो सायब खरोच होडयेत इललो?"

"म्हणजे? तुका म्हायत नाय? मी म्हटलंय, तू दिगूची एजंट, तुका सगळा म्हायत आसतला. दिगू म्हणालो, आबा, मोबाईल घराक ठेवा, सायबाक समुद्र दाखवूया. बगळ्यासारखो लांब माणूस. तिखट खाल्ल्यान, डोळ्यांतसून पाणी काढल्यान, पण ताट पुसून खाल्ल्यान. दिगूक म्हणालो, आमच्या सरकाराची ही छोटी भेट. मराठीत म्हणालो. शिकान इललो." त्यांनी जाळ्याची गाठ दातांनी ओढली. "पाहुण्यान दिल्यान, तर देवाक सांगूक नको? माझा काय चुकला?"

"तुमचा काय चुकूक नाय."

"मगे ती बाय म्हणता, तू जेलात जातलंस."

आबांनी जाळं खाली ठेवलं आणि आपल्या तळहातांकडे बघितलं.

"लिव," ते म्हणाले.

"काय?"

"बाप खुळो झालो म्हणान लिव. माझी आता किती वर्षां रवली? दोन वर्षां तू आत बसलंस तर कारखानो कोण बघतलो? तुझ्या चेडवाक शाळेत कोण सोडतलो? मी सुनावणीच्या सायबासमोर जरा बडबडतंय. म्हणतंय, कालच माझी मेलली बायल येवन गेली. खुळ्याचा सोंग काय कठीण नाय गो, गावात दिगूसारखे इतके शाणे बघलंय, तेंच्या उलटा करूचा."

"आबा, गाऱ्हाणां?"

"दुसरो कोण घालीत."

एवढं बोलून ते हसले, आणि ते हसणं बघवेना म्हणून समिधा उठून आत गेली.

*

सुनावणीच्या सकाळी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात कोचरेकर बाईंनी तिच्या हातात प्रतिज्ञापत्र दिलं. सोबत आणखी एक पान होतं. काय बोलायचं, कुठे थांबायचं, सगळं छापलेलं. 'माझे आबा मला कधीकधी आईच्या नावाने हाक मारतात' या वाक्यानंतर कंसात: थांबा. खाली बघा. पाणी मागा.

"हे कोणी लिहिलं?" समिधाने विचारलं.

"मसुदा माझा. नंतर छायागावातून काढला." बाई खुशीत होत्या. "निर्णय अधिकारी गजभिये मॅडमचीही छाया करून घेतली. त्यांच्या आईला शेवटी विस्मरण झालं होतं, माहितीये? आईच्या नावाचं वाक्य यंत्रानेच घातलं. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा मॅडम तक्रार फेटाळतात."

समिधाने ते पान पुन्हा वाचलं. आबांनी तिला आईच्या नावाने कधी हाक मारली नव्हती. आणि तरी वाचताना तिचाच क्षणभर त्यावर विश्वास बसला. इतकं ते वाक्य चांगलं होतं.

दार उघडलं. निवडणूक निर्णय अधिकारी रेवती गजभिये टेबलामागे बसल्या होत्या. नागपूरकडच्या, कमी बोलणाऱ्या. एका बाजूला नाबरचा माणूस, दुसऱ्या बाजूला दिगू आणि वकीलबाई. मागच्या बाकावर आबा. त्यांनी सदऱ्याची बटणं मुद्दाम वरखाली लावली होती.

"समिधा टिकम, तुमच्या उमेदवाराचा परकीय सरकारशी संपर्क झाला का?"

कागदावरचं पहिलं वाक्य होतं, 'मॅडम, मी आज मुलगी म्हणून उभी आहे.' समिधाने ते सोडून दिलं.

"झाला. अजून चालू आहे."

"मॅडम, अशिलाला वेळ हवाय," कोचरेकर बाई ताडकन उठल्या.

"बसा. अजून चालू आहे म्हणजे?"

समिधाने दोन्ही कागद टेबलावर ठेवले. "हे मी इथे बोलावं म्हणून त्यांच्या यंत्राने लिहून दिलंय. तुमची छाया करून तुमच्यावर तालीम घेतलीय. यात तुमच्या आईचा आजार वापरलाय, मॅडम. माझे वडील शुद्धीवर आहेत. जे यंत्र सांगतं की इथल्या लोकांना परदेशी जहाजं चालतात, तेच सांगतंय की माझा बाप खुळा आहे. वकीलबाई म्हणतात हा सल्ला आहे, सेवा नाही. मला कायद्यातलं कळत नाही. पण भाषण त्यांचं, लोकांचं मन त्यांनी सांगितलेलं, आणि आता साक्षसुद्धा त्यांची. मग आमचं काय उरलं? नुसतं तोंड?"

गजभिये मॅडमनी ते पान उचललं. आईच्या वाक्यापाशी त्यांची नजर थांबली. त्यांनी पान उलटं करून ठेवलं आणि पाण्याचा ग्लास स्वतःकडे ओढला. प्यायल्या मात्र नाहीत.

"'निरंक' तुम्हीच लिहिलंत?"

"माझं अक्षर आहे. मला ठाऊक नव्हतं, पण मी विचारलंही नव्हतं. खोडू नका."

"चेडवा!" मागच्या बाकावरून आबा ओरडले. "मॅडम, तिका काय कळत नाय! मी खुळो आसंय! बटणां बघा माझी!"

नाबरचा माणूस खो खो हसला. बाकी कोणी हसलं नाही.

*

जबाब लिहून घेतला. उमेदवारी रद्द करायची शिफारस वर जाणार, समिधावर गुन्हा नोंदणार, यंत्र जप्त होणार. ती बाहेर आली तेव्हा दिगू जिन्याखाली गाडीला टेकून उभा होता.

"झाला समाधान?" तो म्हणाला. "कोठडीत एकत्र होतो आपण. ह्या फेडलंस?"

"जहाजांका समुद्र तू इकलंस, दिगूभाय."

"मी नाय इकलंय! माका वाटला लोकांका नको!" त्याचा चेहरा क्षणभर खरंच दहा वर्षांपूर्वीचा झाला. मग तो कडवट हसला. "आणि तू काय थांबवलंस? आता नाबर येतलो. नाबर जहाजांवर बोललेलो ऐकलंस कधी? एकदा तरी?"

समिधाने आठवून बघितलं. नाबर सगळ्या विषयांवर बोलत होता. धरण, दारू, दिगूची बायको. जहाजांवर एक शब्द नाही.

"तेच्याकडे पण?"

"ओरेन वाल्ड एकाच होडयेत बसणारो माणूस नाय गो. माका तेनाच सांगितल्यान, होडयेतसून उतरल्यार, बाजूक घेवन. म्हणालो, घाबरू नको, समोरच्याक पण दिलाव. कोण पण निवडून येवंदे, आमची मैत्री रवतली." दिगूने गाडीच्या टपावर मूठ आपटली. "तक्रार नाबराची, आणि दोघांका यंत्र एकाच दुकानातला. जा आता जेलात."

समिधाने वर बघितलं. नाबरचा माणूस जिन्याच्या टोकाला उभा राहून फोनवर बोलत होता, खुशीत.

"आबा, तुमी थोडे बसा," ती बापाला म्हणाली. "येळ लागतलो."

ती पुन्हा जिना चढली. गजभिये मॅडम फाइल बांधत होत्या.

"उमेदवारी रद्द होईपर्यंत मी प्रतिनिधी आहे ना, मॅडम? मग मला तक्रार करता येते. सूर्याजी नाबर. परकीय संपर्क. तेच सरकार, तेच यंत्र."

"साक्षीदार?"

"वाणिज्यदूत ज्याच्यापाशी हे बोलला तो खाली उभा आहे. पण तो येणार नाही."

मॅडमनी खिडकीतून खाली बघितलं. दिगू मेतर गाडीचं दार उघडून थांबला होता. एक पाय आत, एक बाहेर. वर आला तर स्वतःच्या तोंडाने स्वतःची भेट कबूल करावी लागणार होती. पाच वर्षं कोर्टात काढायची वकीलबाईंची सगळी तयारी त्या एका जबाबात बुडणार होती. खरं सांगण्यासाठी दिगू मेतर आजवर एक पायरीही चढला नव्हता.

तेवढ्यात नाबरचा माणूस खाली उतरला आणि जाता जाता त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "काय मेतरशेट, आता मासे पकडा."

दिगूने गाडीचं दार लावलं. मग सावकाश, एकेक पायरी, तो वर आला. कपाळाला घाम होता आणि डोळ्यांत निव्वळ जळफळाट. दारात उभा राहून म्हणाला, "लिवा, मॅडम. माझा नाव आधी घाला. मगे नाबराचा."

समिधाने त्याच्याकडे बघितलं नाही. तिने भिंतीकडची खुर्ची ओढली आणि टेबलासमोर, आपल्या खुर्चीशेजारी ठेवली.